कोपराची माया

कुसुमताई पेशंटला हात लावायच्या आधी स्वतःच्या डोळ्याला बोट लावायची. आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, पुसायचे, मग उजव्या हाताचं बोट डाव्या पापणीच्या कडेला टेकवायचं आणि जरा थांबायचं. डोळ्यात पाणी आलं नाही की पुन्हा हात धुवायचे आणि मगच पेशंटची नाडी धरायची. रोज, प्रत्येक राउंडला, सगळ्यांसमोर. नवीन आलेल्या नर्सेसना वाटायचं, मॅडम फार देवभोळ्या आहेत. एका पेशंटच्या सासूनं तर ठामपणे सांगून टाकलं होतं की ही डॉक्टरीण आधी स्वतःची नजर उतरवते, म्हणूनच हिला एवढा हातगुण आहे.

"ताई," मी तिला म्हणायची, "डोळ्याला हात लावू नका म्हणून आपणच लोकांना सांगतो. तू डॉक्टर आहेस की कोण आहेस?"

"म्हणून तं दुसऱ्यांदा धुते नं वं," ती म्हणायची. "पहिले आपल्याले, मंग लोकाईले."

हे तिचं आवडतं वाक्य होतं. औषधाचं नवीन सिरप आलं की पहिला चमचा ती प्यायची आणि मग पेशंटला सांगायची, "कडू हाय, पण मागून गोड लागते." वॉर्डातल्या गाद्यांवर स्वतः आडवी होऊन बघायची. तिच्या या सवयींना मी हसले, चिडले, कधी कधी चक्क लाजलेही. मी भूल देणारी डॉक्टर. माझे पेशंट झोपलेले असतात, त्यामुळे जागं माणूस सापडलं की मला बोलायचं सुचतं, आणि ताई सगळ्यात जास्त सापडायची. मागच्या उन्हाळ्यात ती गेली. नागपूरच्या धंतोलीतल्या ज्या हॉस्पिटलात ती फिजिशियन होती, तिथल्याच वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत. तेव्हापासून माझं बोलणं फार कमी झालंय, असं घरचे म्हणतात. खरं असेल.

आमची ओळख आडनावांमुळे झाली. ती रामटेके, माझंही आडनाव 'र' वरून, त्यामुळे मेडिकलला रोल नंबर लागून आले आणि डिसेक्शनच्या टेबलावर आम्ही शेजारी शेजारी उभ्या राहिलो. मी महाल भागातल्या कारकुनी घरातली, बारावी झाली की सरळ मेडिकल, आगाऊ आणि तोंडाळ. ती मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या भिवापूरची, आमच्याहून बरीच मोठी. वडील ती लहान असतानाच गेलेले. प्रवेश परीक्षेत ती पुन्हा पुन्हा नापास होत राहिली होती, आणि मधली सगळी वर्षं तिनं आईसोबत मिरचीच्या सातऱ्यात काढली होती. सातरा म्हणजे उघड्यावर मिरच्या पसरून वाळवायची जागा. तिथे बाया ओळीनं बसून मिरच्यांचे देठ खुडतात. पहिल्या दिवशी वर्गात कुणीतरी तिला 'मॅडम' म्हणून उठून उभं राहिलं, आणि अख्खा वर्ग हसला. मग ती आम्हा सगळ्यांची ताईच झाली.

पुस्तकाचं पान ती बोटानं उलटायची नाही, पेन्सिलीच्या मागच्या टोकानं उलटायची. मी विचारलं, हे काय नखरे? तर म्हणाली, "देठ खुडता खुडता वाचत होती वं. बोटानं पान उलटलं तं पान तिखट होते. मंग ते पान वाचून डोळे पुसले का झालं, दिवस गेला." सातरा सुटला तरी पेन्सिल सुटली नव्हती. आणि ही भिवापूरची बाई तिखट खायची नाही! मेसमध्ये सावजी रस्सा असला की आम्ही नाकाडोळ्यातून पाणी काढत खायचो आणि ही दह्याची वाटी घेऊन बसायची. पोरं चिडवायची, "ताई, गावाची इज्जत घालवली." ती शांतपणे म्हणायची, "आमच्यात तिखट विकतेत बाबू. खातीन कोण?"

इंग्रजीनं तिचा जीव काढला. पुस्तकातलं वाक्य आधी मराठीत करायचं, समजून घ्यायचं, मग पुन्हा इंग्रजीत पाठ करायचं, असा तिचा दुहेरी अभ्यास. तोंडी परीक्षेत तिच्या कपाळावरून घामाच्या धारा लागायच्या. पण ती पास होत गेली. वरचे नंबर कधी आले नाहीत, पण एकही विषय राहिला नाही. कॉलेजात तिला कधी रडताना मी पाहिलं नाही. फक्त सोमवारी ती जरा गप्प असायची, कारण रविवार गावी काढून आलेली असायची.

"मायजवळ बसायचं म्हणजे मिरचीजवळ बसायचं," ती सांगायची. "तिले रिकामं बसून बोलता नाही येत. हात चालले का तोंड चालते." म्हणून रविवारी ही पण सातऱ्यात बसायची, आईच्या बाजूला, दिवसभर देठ खुडत गप्पा मारायची आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं उमरेडमार्गे परत यायची.

आईबद्दल ती बोलायला लागली की मी कधी नव्हे ती गप्प बसून ऐकायची. सातऱ्यातल्या बाया पोरांच्या तोंडाला हात लावत नाहीत. पोरगं रडलं तर कोपरानं डोळे पुसायचे, लाड करायचे तर कोपर गालावरून फिरवायचं. हाताच्या तिखटाचा भरवसा नसतो. ताईचं सगळं बालपण आईच्या कोपरावर गेलेलं. "पण पावसाळ्यात मिरची नसते नं," ती म्हणायची. "मंग मायचे हात आमचे. तेल लावून देत होती डोक्याले, तोंडावरून असा सरळ हात फिरवत होती." आणि ती स्वतःचा तळवा स्वतःच्याच गालावरून फिरवून दाखवायची. ते बघून मला माझ्या आईची आठवण यायची, आणि माझी आई तर संध्याकाळी घरीच भेटणार असायची.

तिसऱ्या वर्षी डोळ्यांच्या ओपीडीत आमची पोस्टिंग लागली तेव्हा मिरचीचा हंगाम ऐन भरात होता. त्या सोमवारी ताई गावाहून थेट ओपीडीत आली. तिनं हात साबणानं दोनदा धुतले, मी पाहिलं. सरांनी तिला पुढे बोलावलं. खुर्चीवर मोतीबिंदू दाखवायला आलेले एक आजोबा होते. त्यांची वरची पापणी उलटून दाखव, असं सर म्हणाले. ताईनं अगदी व्यवस्थित पापणी उलटली, आणि आजोबांनी अशी किंकाळी फोडली की बाहेरची रांग आत आली.

"मेलो रे बाप्पा! डोळ्यात तिखट घातलं पोट्टीनं!"

साबणानं मिरची जात नाही हे आम्हा शहाण्यांना कुठे ठाऊक? आणि जिला ठाऊक असायला हवं, तिच्या हातांना इतक्या वर्षांत ते तिखट जाणवायचंच बंद झालं होतं. सर आणि सिस्टर आजोबांचा डोळा धूत राहिले. डोळा लाल झाला, पण वाचला. मग सर ताईकडे वळले. "हाताला काय लावलंस?"

"काही नाही सर," ताई म्हणाली. "मिरची हाय."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते, पण घाबरलेले होते आणि घाबरलेला माणूस टोचून बोलतो. "हे असले हात घेऊन तू डॉक्टर होणार?" ते म्हणाले. ताईनं ॲप्रन काढला, नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि निघून गेली. संध्याकाळी होस्टेलवर तिची खोली रिकामी होती.

तिची वाट बघितली, मग मीच भिवापूरला गेले. तोवर मी सातरा कधी पाहिला नव्हता. लांबून लाल जमीन दिसली आणि जवळ पोचेपर्यंत मला शिंका सुरू झाल्या, मग ठसका, मग डोळे. ओळीतल्या बाया खो खो हसायला लागल्या. "नागपूरच्या बाईले झणका लागला वं!" एक बारीक, उंच बाई उठली, तिनं कमरेच्या पिशवीतून कागदात गुंडाळलेला गूळ कागदासकट माझ्यापुढे धरला. "पाणी पेऊ नोको, गूळ खाय," ती म्हणाली. तीच ताईची आई. आणि तिच्या बाजूला, तोंडाला फडकं बांधून, ताई देठ खुडत बसलेली होती.

"चल," मी म्हटलं.

"मी नाही येत आता," ताई वर न बघता म्हणाली. "त्या बुढ्याचा डोळा गेला असता तं?"

"गेला नाही! आजोबा परत येऊन गेले. सगळ्यांना विचारत होते, ते तिखटवाली पोट्टी कुठे गेली म्हणून."

ताईच्या आईचे हात थांबले. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ताईनं घरी सांगितलं होतं, कॉलेजला सुटी आहे. आईनं मला सगळं विचारलं, मी सांगितलं. सांगत असताना ओळीतल्या सगळ्याच बाया हळूहळू थांबल्या. आईनं आपले दोन्ही तळवे समोर धरले आणि कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग ताईला म्हणाली, "उठ."

"माय, ऐक नं."

"उठ म्हटलं नं. आजपासून मिरचीले हात लावू नोको. सातऱ्यात येऊ नोको. अन् मी तुले हात नाही लावणार. माह्या हाताचं तुया हाताले लागीन, अन् तुया हाताचं लोकाईच्या डोळ्याले. डॉक्टर होय पहिले."

"अन् पावसाळ्यात?" ताईनं विचारलं. एवढी मोठी बाई, पण ते लहान पोरीसारखं विचारलं तिनं.

"बारा महिने नाही," आई म्हणाली. "आता हातात मुरलं असंन ते. कोण भरवसा द्यावा?" मग वाकून तिनं कोपरानं ताईचे डोळे पुसले. मला तिथे उभं राहवेना. मी ठसक्याचं निमित्त करून रस्त्यावर आले आणि मनसोक्त रडले. झणका लागलाच होता, कुणाला कळलं नाही.

एसटीत ताई खिडकीशी बसली होती. उमरेड गेलं. मग म्हणाली, "मेधा, मी डॉक्टर झाली का नाही, का मायले म्हणीन, आता एक डाव हात फिरव. सरळ हात. बस, दुसरं काही नाही पाहिजे मले." लोक डॉक्टर होतात ते नावासाठी, बापाच्या हट्टासाठी, गाडी-बंगल्यासाठी. मी तर शेजारच्या मुलीला मेडिकल मिळालं म्हणून चुरशीनं झाले. हिला आईचा तळवा हवा होता.

डोळ्यांच्या ओपीडीत ती परत आली तेव्हा सरांनी काही विचारलं नाही, नुसता पुढचा पेशंट बसवला. ताईनं आदल्या दिवशी हातांना जवसाचं तेल चोळचोळून, मग साबण लावून धुतले होते. तरीही तिनं सगळ्या वर्गासमोर आपलं बोट आपल्या पापणीला लावलं आणि थांबली. सरही थांबले. पाणी आलं नाही. पुन्हा हात धुऊन तिनं पेशंटची पापणी उलटली. पेशंट गप्प. सर म्हणाले, "हं. नेक्स्ट." तिच्या डॉक्टरकीची खरी परीक्षा त्या दिवशीच झाली, असं मला वाटतं. बाकीच्या नुसत्या कागदावरच्या.

पदवीदानाला आई आली. सोबत सातऱ्यातल्या दोन मैत्रिणी. तिघींच्या अंगावर कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साड्या. ताई काळा गाऊन आणि ती चौकोनी टोपी घालून धावत त्यांच्याकडे गेली आणि आईपुढे डोकं करून उभी राहिली. मी कॅमेरा तयार ठेवला होता, मला माहीत होतं आता काय होणार.

आई एक पाऊल मागे सरकली. हात पाठीमागे घेतले.

"माय, झाली नं वं मी डॉक्टर!"

"म्हणूनच तं," आई म्हणाली. "आता तं रोज लोकाईले हात लावशीन. आता जास्त जपा लागीन." आणि तिनं कोपर ताईच्या डोक्यावरून असं प्रेमानं फिरवलं की टोपी खाली पडली. सगळ्या हसलो. फोटो आहे माझ्याकडे. टोपी हवेत, आईचं कोपर वर, आणि ताई हसतेय. मी तो फोटो कितीदा तरी पाहिलाय, आता बघवत नाही.

पुढे ताईनं मेडिसिनमध्ये एमडी केलं. तेही पहिल्या फटक्यात नाही. मध्ये गडचिरोलीकडच्या एका आरोग्य केंद्रात राहिली, मलेरियानं स्वतःच आडवी झाली, पुन्हा परीक्षेला बसली. एमडी झाल्यावर आईचं तेच. "माय मले कोपराले गूळ लावून राहिली," ताई मला फोनवर म्हणाली आणि हसली. 

आईला सातरा सोडायला सांगून ती थकली. नागपूरला फ्लॅट घेतला, आईला आणलं. आई आठवडाभर राहिली आणि परत गेली. "तुया घरी बोलाले कोण हाय? भिंती," म्हणाली. "तिकडे माह्या बाया हायेत." ते खरंच होतं. सातरा म्हणजे तिचं अख्खं गणगोत होतं. ताईनं लग्न केलं नाही. आडून आडून विचारलं की म्हणायची, "मायचं वय झालं, आता तिलेच कोणी पाहा." रविवारी भिवापूरला जायची ते मात्र शेवटपर्यंत. सातऱ्याच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायची, हात मांडीवर घट्ट धरून. आई देठ खुडत बोलायची, ही ऐकायची.

डॉक्टर म्हणून ती कशी होती ते एका गोष्टीत सांगते. एकदा वॉर्डात सावनेरकडची एक बाई मनगटाच्या धमनीतून रक्त काढू देईना. धमनीत सुई जाते तेव्हा भयंकर दुखतं. रेसिडेंट पोरगी तिला समजावत होती, "काही दुखत नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटतं." ताई मागून आली.

"तुले टोचलं होतं का कधी?"

"नाही मॅडम."

"मंग तुले मुंगी कशी माहीत?" ताईनं बाही वर केली. "मले टोच."

हा शुद्ध वेडेपणा होता आणि मी तिला तसं सांगितलंही. पण ऐकेल तर ती ताई कसली? रेसिडेंटनं नवी सुई घेऊन ताईच्या मनगटात घातली. ताईच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. मग ती त्या बाईजवळ बसली. "बाई, ही पोट्टी खोटं बोलून राहिली. दुखते. चांगलं दुखते. पण दहा म्हणेपर्यंत होते. मी दहा म्हणते, तुमी शिव्या देजा." बाई हसायला लागली आणि तिनं हात पुढे केला. शिव्याही दिल्या, अस्सल सावनेरी.

ती गेली त्याआधीच्या हिवाळ्यात तिची पाठ दुखायला लागली. वजन उतरत होतं, ती म्हणायची रोज फिरते म्हणून. मग एक दिवस तिनं मला स्कॅनच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर कुणाचं तरी पोट होतं. स्वादुपिंडात गाठ, यकृतात पसरलेली. मी ताडकन बोलून गेले, "अरे देवा, कोण आहे हा बिचारा?"

"भिवापूरची एक बाई हाय," ताई म्हणाली. "पहिले आपल्याले, मंग लोकाईले."

मला तिचा भयंकर राग आला. मी ओरडले, अद्वातद्वा बोलले, मेल्या त्या वाक्याला आग लाव म्हणाले. टेक्निशियन बिचारा बाहेर निघून गेला. ताईनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाली, "मायले तू सांगजो. माह्यानं नाही होत." आयुष्यात एवढी एकच गोष्ट तिनं माझ्याकडे मागितली. मी भिवापूरला गेले आणि सांगितलं.  आईनं विचारलं, "डोळ्यानं दिसते नं तिले?" मी हो म्हटलं. "मंग चला, मले पाहीन तरी," म्हणाली, आणि तशीच माझ्यासोबत गाडीत बसली.

उन्हाळा लागेपर्यंत आई त्या खोलीत होती. पोरीला चमच्यानं भरवायची, पदरानं तोंड पुसायची, कोपरानं थोपटायची. हात लावायची नाही. मिरचीला हात लावून महिने उलटले होते, तरी नाही. मी तिला डॉक्टरी भाषेत समजावलं, नर्सेसनी समजावलं. ती नुसती मान हलवायची. "इतके वर्षं नाही लावला," म्हणायची. "आता आजारी पोरीले झोंबलं तं?" तिचंही बरोबर होतं. एकदा दिलेला शब्द इतकी वर्षं पाळला की तो पाळणाऱ्याचाच स्वभाव होऊन बसतो.

त्या दुपारी मी सलाईन बघायला म्हणून गेले. खरं तर त्यासाठी नर्स होती, मला ताईलाच बघायचं होतं. खिडकीला ओला पडदा, कूलरची घरघर. ताईचा चेहरा एवढासा झालेला. तिचा आवाज आता फार बारीक निघायचा.

"माय," ती म्हणाली. "मी डॉक्टर झाली का नाही?"

"झाली नं वं," आई म्हणाली. "मोठी डॉक्टर झाली."

"मंग?"

  आई उठली, पिशवीतून जवसाच्या तेलाची बाटली काढली. ती कधीपासून तिच्या पिशवीत होती कुणास ठाऊक, मी विचारलं नाही. मोरीत जाऊन तिनं हाताला तेल चोळलं, बोटांच्या बेचक्यात, नखांच्या कडांना, मनगटापर्यंत. मग साबण. मग पुन्हा तेल, पुन्हा साबण. हात पुसून ती पलंगाशी आली आणि उजव्या हाताचं बोट तिनं आपल्या डाव्या पापणीला लावलं. अगदी ताईसारखं. ताई कुणाकडून शिकली आणि आई कुणाकडून, हे मला अजून सांगता येणार नाही. आई थांबली. डोळा कोरडाच राहिला. मी समोर उभी होते, मी पाहिलं.

मग तिनं दोन्ही तळवे ताईच्या गालांवर ठेवले.

देठ खुडून खुडून टोकं झिजलेली, खरबरीत बोटं. ती कपाळापासून हनुवटीपर्यंत आली, परत वर गेली, परत खाली आली. ताईनं डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, कानापर्यंत, उशीपर्यंत. ते बघून आई चरकली.

"झोंबलं नं वं! म्हणत होती मी!" आणि तिनं हात मागे ओढले.

ताईच्या अंगात उठून बसायची ताकद नव्हती, पण तिनं आईची दोन्ही मनगटं पकडली आणि हात परत आपल्या तोंडावर आणून ठेवले.

"झोंबू दे," ती म्हणाली. "राहू दे."

मी दार लोटून बाहेर आले. ताईला जागेपणी मी पाहिलं ते शेवटचं.